सारख्या होड्या : तळ्यावरील शिडांच्या शर्यतीचा इतिहास

'डिंगी' हा शब्द आज इंग्रजी म्हणून ओळखला जात असला, तरी तो मूळचा याच देशातला आहे. उत्तर हिंदुस्थानातल्या आणि बंगालमधल्या नद्यांवर फिरणाऱ्या लहानशा होडीचे ते नाव. इंग्रज खलाशांनी ते उचलले, मोठ्या गलबतामागे बांधलेल्या छोट्या होडीस लावले आणि आपल्या बंदरांत नेले. पुढे तिकडे त्या होडीवर शीड चढले, तिच्या शर्यती सुरू झाल्या, आणि कालांतराने तो शब्द व ती होडी अशी दोन्ही आपल्या तळ्यांवर परत आली. शब्दांचा असा जाऊन-येऊन होणारा प्रवास भाषाप्रेमी वाचकांना नवा नाही. आम्हांस मात्र येथे शब्दापेक्षा होडीचा इतिहास सांगावयाचा आहे; कारण त्या इतिहासाच्या मुळाशी एक विचार आहे, आणि तो आपल्यासारख्या जुन्या, घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या मंडळींनी लक्षात घ्यावा असा आहे.

प्रथम हा खेळ कसा असतो ते सांगितले पाहिजे. सेलिंग क्लबाची अजिंक्यपद स्पर्धा बहुधा शनिवार-रविवार अशी दोन दिवस चालते. कारण उघड आहे. खेळणारे आणि पंचाचे काम करणारे, दोघेही आठवड्यातले इतर दिवस शाळा, कचेरी किंवा पलटण सांभाळणारे असतात. पाण्यात एक होडी नांगरलेली असते. तिच्यावर पंचमंडळी बसतात. तिच्यापासून काही अंतरावर तरंगता बोया असतो. होडीवरची काठी आणि तो बोया यांच्या मधली अदृश्य रेघ ही शर्यतीची सुरुवात. पाच मिनिटे आधी पहिला बावटा चढतो, चार मिनिटे आधी दुसरा चढतो, एक मिनिट उरले की दुसरा उतरतो आणि शर्यत सुटताना पहिला उतरतो. धावण्याच्या शर्यतीत धावपटू रेघेवर उभा राहू शकतो. शिडाच्या होडीला तसे उभे राहता येत नाही. वारा आणि पाणी तिला सतत सरकवीत असतात. म्हणून त्या पाच मिनिटांत सर्व होड्या रेघेच्या मागे घिरट्या घालीत असतात, आणि नेमक्या क्षणी, पूर्ण वेगात, पण एक वीतही आधी नाही अशा रीतीने रेघ ओलांडण्याचा प्रयत्न करतात. जी आधी ओलांडील तिला परत फिरून यावे लागते.

पहिला टप्पा वाऱ्याच्या उगमाकडे असतो. कोणतीही शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन राखून, एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे अशी नागमोडी वाटचाल तिला करावी लागते. होडीच्या पोटातून पाण्यात खाली सोडलेली फळी तिला आडवे घसरू देत नाही आणि खेळाडू काठाबाहेर अंग झोकून तिचा तोल राखतो. उजवीकडची वाट धरावी की डावीकडची, वारा पुढच्या क्षणी कोठून येईल, समोरच्या पाण्यावर उमटलेली काळसर लहर झुळकेची आहे की नुसत्या ढगाच्या सावलीची, याचा निर्णय क्षणाक्षणाला घ्यावा लागतो. गुणमोजणी मात्र आपल्या सवयीच्या उलट आहे. पहिल्या क्रमांकास एक गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन, आणि शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. पुरेशा शर्यती झाल्या की प्रत्येकाची सर्वांत वाईट एक शर्यत हिशेबातून वगळतात. वाऱ्याने एखाद्या वेळी कोणासही दगा द्यावा, हे या खेळाने गृहीत धरलेले आहे.

आता इतिहासाकडे वळू. आनंदासाठी शिडाचे जहाज बाळगणे हा आरंभी धनिकांचाच छंद होता. आयर्लंडमधील कॉर्क येथे १७२० साली स्थापन झालेला क्लब हा या प्रकारचा सर्वांत जुना मानतात. १८५१ साली इंग्लंडमधील वाइट बेटाभोवती जी प्रसिद्ध शर्यत झाली, आणि जिच्यातून पुढे 'अमेरिका कप' जन्मास आला, तीत उतरलेली जहाजे लक्षाधीशांची आणि उमरावांची होती. मुंबईत १८४६ साली यॉट क्लब निघाला. अपोलो बंदरावरच्या त्याच्या वास्तू आजही उभ्या आहेत; पण इंग्रजी अमलात त्याचे सभासदत्व गोऱ्यांपुरते होते. या सगळ्या शर्यतींत एक गोष्ट समान होती. ज्याचे जहाज मोठे आणि नवे, त्याचे पारडे आधीच जड. दर वर्षी कोणी तरी अधिक लांब, अधिक वेगवान जहाज बांधवून घ्यावे आणि गतवर्षीच्या विजेत्याचे जहाज मोडीत निघावे, असा प्रकार चालू असे. शर्यत पाण्यावर होण्यापूर्वी निम्मी पैशाच्या पेढीवरच होऊन जाई.

या प्रथेला पहिला छेद डब्लिनच्या उपसागरात गेला. १८८७ साली तेथील काही हौशी मंडळींनी ठरविले की, आपण सर्वांनी एकाच आराखड्याची, एकाच मापाची लहान होडी घ्यावयाची. कोणी तिच्यात फेरफार करावयाचा नाही. म्हणजे जो जिंकेल तो आपल्या कौशल्यावर जिंकेल. या होडीस 'वॉटर वॅग' असे नाव मिळाले आणि तिच्या शर्यती आजही डब्लिनमध्ये होतात. सव्वाशे वर्षांहून जुनी अशी ही कल्पना, सारख्या होड्यांची, आमच्या मते या खेळाच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना आहे. अधिक वेगाचे जहाज कोणी बांधले याची नोंद ठेवणारे इतिहासकार पुष्कळ आहेत. परंतु वेगाची चढाओढ आपणहून सोडून देऊन समानता पत्करणाऱ्या त्या थोड्या माणसांचे ऋण अधिक मोठे आहे.

दुसरा टप्पा होडीच्या घडणीचा. अफा फॉक्स या इंग्रज रचनाकाराने १९२८ साली 'अव्हेंजर' नावाची चौदा फुटी होडी बांधली. तिचा तळ असा होता की पुरेसा वारा मिळताच ती पाणी कापीत न जाता पाण्यावरून घसरत जाई. त्या हंगामात ती सत्तावन्न शर्यतींत उतरली आणि बावन्न वेळा पहिली आली. लहान होडी संथ असते हा समज तेव्हापासून मावळला. तथापि अशी होडी हातकौशल्याने बांधावी लागे आणि ती स्वस्त नव्हती. स्वस्ताई आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धकाळात लाकडी विमानांसाठी पाण्याला दाद न देणारा डिंक आणि मजबूत प्लायवूड यांचा विकास झाला होता. युद्ध संपल्यावर जॅक होल्ट या रचनाकाराने त्याच प्लायवूडच्या सपाट तक्त्यांतून घरच्या घरी जोडता येतील अशा होड्या आखल्या. १९४७ ची मुलांसाठीची 'कॅडेट', १९५६ ची निळ्या शिडांची 'एंटरप्राइज' आणि बार्री बकनेल यांच्या साहाय्याने केलेली १९६३ ची तांबड्या शिडांची 'मिरर' या त्यांतल्या प्रमुख. शेवटच्या दोहोंमागे दोन वृत्तपत्रे होती आणि त्यांपैकी एकीला तर वृत्तपत्राचेच नाव मिळाले. शिक्षक, कारकून, कारागीर अशा माणसांनी आपल्या मोटारीच्या खोपटात बसून होड्या जोडल्या आणि गावाजवळच्या पाणीपुरवठ्याच्या तलावांवर क्लब काढले. समुद्र ज्यांच्या वाट्यास आला नव्हता, त्यांना धरणांनी तो थोडासा मिळवून दिला.

निरनिराळ्या जातींच्या होड्या एकत्र धावू लागल्या तेव्हा त्यांची तुलना करण्यासाठी प्रत्येक जातीस एक अंक देऊन वेळेचे प्रमाण काढण्याची पद्धतही याच काळात इंग्लंडातील पोर्ट्समथ परिसरात बसविली गेली. क्लबाच्या साध्या रविवारी ती उपयोगी पडते. परंतु खरे अजिंक्यपद एकाच जातीच्या होड्यांत ठरते.

तिसरा टप्पा एका माणसाच्या होडीचा. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी १९६९ साली फोनवर बोलताना कागदावर एक आकृती रेखाटली. इयन ब्रूस हे त्यांचे सहकारी. त्या आकृतीतून निघालेली 'लेसर' नावाची होडी १९७१ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली. सव्वाचार मीटर लांब, रिकामी सुमारे साठ किलो वजनाची, एकच शीड, एकच खलाशी. आजवर अशा दोन लाखांहून अधिक होड्या बनल्या. एकाच काठ्याच्या होडीवर वजनाप्रमाणे तीन मापांची शिडे चढविता येतात. सर्वांत लहान ४.७ चौरस मीटरचे. किशोरवयीन मुलामुलींना तेच देतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून ही होडी तेथेही आली. अलीकडे तिचे अधिकृत नाव बदलून 'आयएलसीए' झाले आहे, पण काठावरची जुनी मंडळी तिला लेसरच म्हणतात.

आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर हा खेळ प्रामुख्याने सैन्यदलांनी जगविला. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे पीकॉक बे हे केंद्र आहे. तेथे किती तरी छात्रांनी पहिल्यांदा शिडाची दोरी हातात धरली. १९६० साली भारतीय यॉटिंग संघटना स्थापन झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोली कॉन्ट्रॅक्टर व ए. ए. बासिथ यांची जोडी उतरली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धेतील शिडांच्या शर्यती मुंबईस झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी 'फायरबॉल' या जातीत सुवर्णपदक मिळविले. हैदराबादकर वाचकांना हुसेनसागरावर होत आलेल्या लेसरच्या राष्ट्रीय शर्यती ठाऊक असतीलच. कुतुबशाहीत १५६२ च्या सुमारास बांधलेल्या त्या तळ्यास असा उपयोग होईल, हे बांधणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल.

ग्वाल्हेरकर वाचकांच्या मनात येथे शिवपुरीचे नाव आले असेल. महाराज माधवराव शिंदे यांनी शिवपुरीस उन्हाळी राजधानीचे रूप दिले, १९१८ साली मनिहार नदीवर बांध घालून सख्यासागर व माधवसागर हे जलाशय करविले आणि पहिल्यास आपल्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव दिले. सख्यासागराच्या काठी जी देखणी वास्तू उभी आहे तिचे नावच 'सेलिंग क्लब'. म्हणजे समुद्रापासून इतक्या दूर, मगरींनी भरलेल्या तळ्याच्या काठी, एका मराठी राजाने शिडांसाठी घर बांधले. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु तेथे जाणारे पाहुणे निमंत्रणाने जात. त्या काठावरून पाण्यात उतरण्याचा हक्क सनदेने किंवा संबंधाने येई. गावातल्या मुलास तो नव्हता. राजाच्या औदार्यास यात दोष नाही. तो काळच तसा होता, आणि आपले पूर्वजही त्याच व्यवस्थेत मानाने राहिले.

आता भोपाळकडे पाहू. कोलांस नदी अडवून झालेला तेथील मोठा तलाव परंपरेने अकराव्या शतकातील राजा भोजाचा मानला जातो. शहराच्या एका मोठ्या भागास तो आजही पिण्याचे पाणी देतो. या तलावावर शासनाने शिडांच्या होड्यांचे शिक्षण सुरू केले आणि तेथे खेड्यापाड्यांतून निवडून आणलेली मुले दाखल झाली. समुद्र नसलेल्या राज्याने खलाशी घडवावेत, याची आरंभी थट्टाच झाली असती. पण २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत होशंगाबादची हर्षिता तोमर ही सोळा वर्षांची मुलगी लेसर ४.७ मध्ये कांस्यपदक घेऊन आली. पुढची स्पर्धा चीनमध्ये हांगझोऊ येथे २०२३ साली झाली. तीत देवास जिल्ह्यातील नेहा ठाकूर या सतरा वर्षांच्या शेतकरीकन्येने त्याच छोट्या शिडाच्या होडीत, मुलींच्या गटात, रौप्यपदक मिळविले. अकरा शर्यतींत तिचे गुण झाले बत्तीस. सर्वांत वाईट शर्यतीचे पाच वगळून उरले सत्तावीस. सुवर्णपदक थायलंडच्या मुलीस सोळा गुणांवर गेले आणि तिसऱ्या आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे गुण होते अठ्ठावीस. अकरा शर्यतींनंतर दोघींत एका गुणाचे अंतर! याच स्पर्धेत शिडफळीच्या शर्यतीत इबाद अली याने कांस्यपदक पटकाविले.

देवास हे नाव आपणांस पवारांच्या दोन गाद्यांमुळे ठाऊक आहे. पेशव्यांच्या फौजांबरोबर घाट उतरून माळव्यात आलेल्या आपल्या पूर्वजांनी कोकणचा किनारा आणि आंग्र्यांची गुराबे मागे ठेवली. पाण्याशी आपला संबंध पुढे विहिरी, घाट आणि नर्मदास्नान एवढाच राहिला. त्या देवासच्या मातीतून तीनशे वर्षांनी कोणी शीड उभारले, तर ते गादीच्या वारसाने नव्हे, सरदारांच्या वाड्यानेही नव्हे, तर एका शेतकऱ्याच्या घराने. हे शक्य झाले ते डब्लिनच्या त्या नियमामुळे. सिंगापूरच्या मुलीची होडी आणि देवासच्या मुलीची होडी यांत तसूभर फरक नव्हता. फरक असता, तर तो पैशाचा असता आणि मग निकालही आधीच लागला असता.

या खेळाची दुसरी खूण अशी की, तळ्यावर पावलोपावली शिट्टी वाजविणारा पंच नसतो. होड्या पसरलेल्या असतात आणि पंच दूर असतात. दुसऱ्या होडीचा मार्ग अडविला तर दोषी खेळाडूने आपणहून पाण्यातच दोन पूर्ण फेऱ्या घ्याव्यात, बोयाला होडी लागली तर एक घ्यावी, असा नियम आहे. निवृत्तीनंतर भोपाळच्या काठी अशाच एका दोन दिवसांच्या स्पर्धेत आम्ही एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पाहिली. वळण घेताना तिच्या होडीचा काठ बोयाला जेमतेम घासला. जवळ दुसरी होडी नव्हती. काठावर दुर्बीण आमच्या हाती होती म्हणून आम्हांस ते दिसले एवढेच. तिने लगेच होडी गिरकीत घातली, पूर्ण फेरी घेतली आणि तेवढ्यात मागच्या तीन होड्या तिला ओलांडून गेल्या. ती तशीच पुढे निघाली. शासकीय सेवेत आम्ही पस्तीस वर्षे नियमांच्या पोथ्या हाताळल्या. नियम मोडल्यावर कोणी पाहिले नसतानाही दंड भरणारे हात फार थोडे पाहिले.

तळे मात्र एकट्या खेळाडूंचे नसते. आमच्या नोकरीच्या काळात आम्ही पाहिले की, एकाच तळ्यावर पाणीपुरवठा, पाटबंधारे, मत्स्यव्यवसाय, पर्यटन आणि क्रीडा या सर्वांचा हक्क असतो आणि स्वच्छतेचे दायित्व बहुधा कोणाचेच नसते. २०२३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने भोपाळच्या तलावात क्रूझ आणि मोटारबोटी चालविण्यास मनाई केली, कारण तेलाचा आणि धुराचा भार पिण्याच्या पाण्यास सोसवत नाही. शिडाच्या होडीला तेल लागत नाही. ज्या तळ्यावर ती धावते, तेथे पाण्याकडे रोज पाहणारी काही माणसे आपोआप निर्माण होतात. सख्यासागर २०२२ साली रामसर यादीत गेला, तरी सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तो ग्रासला आहे. राजाने बांधलेले घर उभे आहे. त्याच्या समोरचे पाणी टिकविणे हे राजाच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्यांचे काम आहे.

आपल्या घरांतून सनदा, शिक्के, वंशावळी जपून ठेवल्या जातात. त्या जपाव्यातच. आम्हीही जपतो. परंतु आपली नातवंडे कोणत्या तळ्याच्या काठी उभी आहेत, हेही पाहिले पाहिजे. वाडवडिलांच्या पराक्रमाने मिळालेले स्थान त्यांना फार काळ पुरणारे नाही. बहुतेक जण शिक्षणासाठी पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी गेलीच आहेत आणि तेथे आपले आडनाव कोणी ओळखत नाही. तेथे त्यांना दुसऱ्यांच्या बरोबरीच्या होडीत बसूनच शर्यत सुरू करावी लागते. ती सवय लहानपणीच लागली तर बरे. भोपाळ, हैदराबाद किंवा खडकवासला जवळ असेल, तर एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन काठावर जावे. पाच मिनिटांचा बावटा चढताना पाहावा. आणि कोणाची होडी कोणत्या घरची, हे तेथे कोणीच विचारीत नाही, हेही त्यांच्या लक्षात आणून द्यावे.